पाण्यावर डोकं दिसतं नारळाएवढं: स्कूबाला जाताना बीकन कोणता घ्यावा?

दिवाळी झाली की बेळगावची पोरं दोन वाटांनी समुद्राकडं पळतात. एक चोर्ला घाट उतरून गोव्याला, दुसरी आंबोली उतरून मालवणला. अलीकडं तिसरी वाट झाली आहे: कारवार, अंकोला करत खाली मुर्डेश्वरला जायचं आणि तिथून बोटीनं नेत्राणी बेटावर. पूर्वी पाण्यात उतरायचं म्हणजे राकसकोप जलाशयाच्या काठावर पाय बुडवायचे एवढंच आम्हाला माहीत. आता खानापूरचा माझा भाचा स्कूबाचा, म्हणजे हवेची टाकी पाठीवर घेऊन पाण्याखाली जायचा, रीतसर कोर्स करून बसला आहे आणि पुढच्या वर्षी मित्रांबरोबर मालदीवला निघाला आहे.

परवा तो घरी आला आणि मोबाइल माझ्यापुढं धरून म्हणाला, "मामा, ही तीन यंत्रं बघा. तिन्हींवर लाल बटण आहे, तिन्ही म्हणे जीव वाचवतात. मग नावं तीन आणि किमती तीन कशाला ओ?"

पॉलिटेक्निकमध्ये २६ वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं आणि पन्नाशीच्या आत-बाहेर मी स्वतःही डायव्हिंग शिकलो. त्यामुळं उत्तर मला यायला हवं होतं. पण नीट सांगायला बसलो तेव्हा कळलं की यंत्राआधी बरंच काही सांगावं लागतं.

बीकन म्हणजे संकटात "मी इथं आहे" असं रेडिओवरून पुन्हा पुन्हा ओरडणारी डबी. एवढी व्याख्या पुरे. सगळी निवड पुढच्या एका प्रश्नावर ठरते: ही ओरड नेमकी कोणाच्या कानावर जायला हवी?

पण बोट तर तिथंच उभी असते की?

असते. आणि तरीही माणसं हरवतात.

नेत्राणी मुर्डेश्वरच्या किनाऱ्यापासून सुमारे १९ किलोमीटर आत आहे. तिथं एकदा मी आणि माझा जोडीदार ठरल्या वेळी वर आलो, तर बोट आमच्याकडं पाठ करून दीड-दोनशे मीटरवर. इंजिन सुरू, तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, पुढच्या बाजूला दोर आवरत बसलेला. आम्ही दोघं घसा फाटेपर्यंत ओरडलो. लाटा फार नव्हत्या, हातभर असतील. पण त्या हातभर लाटेच्या खळगीत गेलो की बोट दिसायची नाही, आणि आम्हाला बोट दिसत नाही म्हणजे बोटीला आम्ही दिसत नाही. पाण्यावर माणसाचं फक्त डोकं असतं. लांबून ते तरंगत्या नारळाएवढं दिसतं, आणि काळा हूड घातलेला असला तर सडक्या नारळाएवढं. शेवटी जोडीदारानं फुगवायची नारंगी नळी काढली, माणसाच्या उंचीची. डायव्हरच्या भाषेत तिला एसएमबी म्हणतात. ती उभी राहिली आणि मिनिटाभरात बोट वळली. झालं काहीच नाही, पण ती आठ-दहा मिनिटं मला अजून आठवतात.

प्रवाह एक नॉट, म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर धरा. माणूस रमतगमत चालतो त्याहून कमी. अर्ध्या तासात तुम्ही ९०० मीटर वाहून जाता, दोन तासांत पावणेचार किलोमीटर. कोणत्या दिशेला गेलात हे माहीत नसेल तर अर्ध्या तासाला शोधायचं पाणी होतं पावणेतीन चौरस किलोमीटर आणि दोन तासांना ४३. वेळ चौपट झाला की शोध सोळापट होतो. बोटवाल्यांची पहिली वीस मिनिटं "येतील वर" असं म्हणण्यात जातात, ती सगळ्यात महाग पडतात ती यामुळंच.

२०१४ च्या फेब्रुवारीत बालीजवळ सात जपानी महिला डायव्हर वाहून गेल्या. पाच जणी तिसऱ्या-चौथ्या दिवशी जिवंत सापडल्या, दोघी गेल्या. एप्रिल २०२२ मध्ये मलेशियात मेर्सिंगजवळ चौघं जण डाइव्ह करून वर आले तर बोट दिसेना. एक जण दुसऱ्या दिवशी सापडली, दोघं त्यानंतर दोन दिवसांनी, आणि १४ वर्षांचा मुलगा वाचला नाही. यातलं कोणी खोल पाण्यात गुदमरलं नव्हतं. सगळे वर आले होते, फक्त कोणाला दिसले नाहीत.

पाण्याखालूनच बटण दाबलं तर?

काही होणार नाही. हे एकदा नीट समजून घ्या, कारण जाहिरातीत पाण्याखालचा डायव्हर आणि त्याच्या हातातली लाल डबी असं चित्र हमखास असतं.

खारं पाणी विजेचं वाहक आहे. रेडिओ लहर त्यात शिरली की पाणी ती शोषून घेतं. या बीकनची लहर काही सेंटीमीटरांत विझते. टिपकागदावर शाईचा थेंब टाकल्यासारखं आहे. जीपीएसचंही तेच, उपग्रहाचा संदेश पाण्याच्या पृष्ठभागावरच थांबतो. म्हणजे हवा संपणं, पाय अडकणं, जोडीदार दिसेनासा होणं या खालच्या संकटांत बीकनचा काडीचा उपयोग नाही. तिथं प्रशिक्षण आणि जोडीदार. बीकन फक्त वर आल्यावर, डोकं पाण्याबाहेर आणि अँटेना आभाळाकडं असताना चालतो.

विसर्जनाच्या गर्दीत हरवलेलं पोर

आता तीन यंत्रं. बेळगावची गणपती विसर्जनाची मिरवणूक डोळ्यांपुढं आणा. हुतात्मा चौकातून निघालेली गर्दी कपिलेश्वर तलावाकडं सरकते आहे आणि त्यात एक पोर आईचा हात सोडून बसलं आहे.

ते पहिल्यांदा "आई!" म्हणून ओरडेल. ऐकू गेलं तर सगळ्यात लवकर काम तिथंच होतं, कारण आई चार पावलांवर असते. नाही ऐकू गेलं तर जवळच्या मंडळाचा स्वयंसेवक त्याला उचलून माइकवरून पुकारेल, आणि त्या भोंग्याच्या टप्प्यातल्या प्रत्येकाला कळेल. तिसरी वाट पोलीस कंट्रोल रूमची. तिथून सगळ्या शहरात निरोप जातो, पण नाव-गाव लिहून घेऊन, वायरलेसवर सांगून, माणूस पाठवून. हमखास, पण वेळ घेणारी.

डायव्हरच्या बीकनचे प्रकार हेच. आईला हाक म्हणजे डीएससी: बोटीच्या व्हीएचएफ रेडिओवर (बोटी एकमेकींशी बोलतात तो) अलार्म वाजवणारा संदेश. मंडळाचा भोंगा म्हणजे एआयएस: आसपासच्या जहाजांच्या नकाशावर तुमचं ठिकाण उमटवणारा संदेश. बाजारात हे दोन्ही बहुतेक एकाच डबीत मिळतात, डायव्हरसाठी बनवलेला 'नॉटिलस लाइफलाइन' हे त्याचं ओळखीचं उदाहरण. आणि कंट्रोल रूम म्हणजे पीएलबी, अंगावर बाळगायचा उपग्रह-बीकन. भाच्याच्या मोबाइलवरचं तिसरं यंत्र उपग्रहावरून मेसेज पाठवणारं होतं. त्याचं प्रकरण वेगळं आहे, पुढं येतं.

पहिली डबी: जवळच्यांना हाक

व्हीएचएफच्या लहरी सरळ जातात. पृथ्वीचा गोलवा मध्ये आला की संपलं. येळ्ळूरच्या राजहंसगडावर चढलं की बेळगाव शहर समोर पसरलेलं दिसतं. तेच गडाखालच्या भाताच्या शिवारात बसलात तर पुढच्या बांधापलीकडचं दिसत नाही. पाण्यात तरंगणारा डायव्हर शिवारात बसलेला असतो. त्याची अँटेना पाण्यावर जेमतेम वीतभर-फूटभर.

म्हणून टप्पा ठरतो समोरच्याच्या उंचीवर. छोट्या बोटीची अँटेना पाण्यापासून चार मीटरवर असेल तर हिशोबानं दहा किलोमीटरच्या आसपास. मालवाहू जहाजाची २५ मीटरवर असेल तर वीस-बावीस. लाटा असल्या की प्रत्यक्षात याहूनही कमी. खोक्यावर छापलेले मोठाले आकडे उंच अँटेना आणि शांत पाणी धरून काढलेले असतात.

पण या डबीची खरी ताकद लांबीत नाही, वेगात आहे. तुमच्या बोटीवरच्या पडद्यावर तुम्ही ठिपका होऊन दिसता, जीपीएसच्या नेमकेपणानं, आणि वाहत गेलात तर ठिपका तुमच्याबरोबर सरकतो. बोट थेट येऊन उचलते, मध्ये कुठलं कार्यालय नाही.

अट एकच आणि ती मोठी आहे: ऐकणारं यंत्र बोटीवर हवं. डीएससी असलेला व्हीएचएफ हवा, तो सुरू हवा, आणि तुमच्या बीकनमध्ये त्या बोटीचा नऊ आकडी क्रमांक भरलेला हवा. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या ३०० टनांवरच्या जहाजांना एआयएस सक्तीचं आहे. आपल्याकडं पर्यटकांना नेणाऱ्या साध्या फायबरच्या होडीला ते नाही, आणि त्यातल्या कित्येकांवर तांडेलाचा मोबाइल हाच रेडिओ. अशा बोटीवरून उतरताना ही डबी घेणं म्हणजे बहिऱ्या माणसाला हाका मारण्यासाठी महागडा भोंगा घेणं.

दुसरी: पीएलबी

पीएलबी बटण दाबल्यावर दर ५० सेकंदांना अर्धा सेकंद टिकणारा, पाच वॅटचा संदेश आभाळाकडं फेकतो. त्याची फ्रिक्वेन्सी ४०६ मेगाहर्ट्झ, जगभर फक्त संकटासाठी राखून ठेवलेली. हा संदेश पकडणाऱ्या उपग्रह यंत्रणेचं नाव कॉस्पास-सारसॅट. शीतयुद्धाच्या ऐन काळात, १९७९ साली, अमेरिका, सोव्हिएत रशिया, कॅनडा आणि फ्रान्स यांनी एकत्र येऊन ती उभी केली आणि १९८२ पासून ती माणसं वाचवते आहे. वापराचं शुल्क नाही, महिन्याचं रिचार्ज नाही. एकमेकांवर क्षेपणास्त्रं रोखून बसलेल्या देशांनी एवढं एक काम शहाण्यासारखं केलं, याचं मला दर वर्षी वर्गात शिकवतानाही नवल वाटायचं.

सुरुवातीच्या काळात उपग्रह तुमचं ठिकाण कसं ओळखायचा ते गमतीचं आहे. टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटवर थांबलात की येणाऱ्या गाडीची शिट्टी बारीक ऐकू येते, आणि इंजिन पुढून निघून गेलं की तीच शिट्टी एकदम जाड होते. गाडी नेमकी कधी समोरून गेली हे डोळे मिटूनही सांगता येतं. डोक्यावरून जाणारा उपग्रह बीकनची लहर तशीच ऐकायचा आणि त्या बदलावरून ठिकाण काढायचा, पाचेक किलोमीटरच्या फरकानं. आता बहुतेक पीएलबींमध्ये जीपीएस असतं, संदेशातच ठिकाण जातं आणि फरक शंभरेक मीटरवर येतो. शिवाय जीपीएस, गॅलिलिओ यांसारख्या दिशादर्शक उपग्रहांवरच आता बीकन ऐकणारे कान बसवलेले आहेत, त्यामुळं संदेश पकडायला मिनिटं लागतात, पूर्वीसारखे तास नाहीत.

पुढचा प्रवास आपल्या राज्यातूनच होतो. भारताभोवतीच्या पाण्यातला संदेश बेंगळूरूला इस्रोच्या नियंत्रण केंद्रात पोहोचतो, तिथून तटरक्षक दलाच्या बचाव समन्वय केंद्राकडं. पश्चिम किनाऱ्यासाठी ते मुंबईला आहे. ते जहाज किंवा हेलिकॉप्टर पाठवतात किंवा जवळच्या कुठल्याही जहाजाला वळवतात. जवळ आल्यावर ते बीकनमधून निघणाऱ्या दुसऱ्या, दुबळ्या लहरीचा (१२१.५ मेगाहर्ट्झ) माग काढत येतात.

हे सगळं उत्तम आहे, फक्त याला वेळ लागतो. दोनशे मीटरवर पाठ करून उभ्या असलेल्या तुमच्या तांडेलाला यातलं काहीच ऐकू येत नाही. पीएलबी किमान २४ तास ओरडत राहील इतकी बॅटरी देतात ती उगाच नाही.

आणखी एक: पीएलबी पाण्यात आपोआप उभा राहत नाही. मोजपट्टीसारखी गुंडाळलेली पत्र्याची अँटेना सोडायची, ती सरळ उभी, पाण्याबाहेर हातानं धरायची, आणि जीपीएसच्या जागेवर बोट ठेवायचं नाही. गारठलेल्या हातांनी हे जमतं का ते घरी बादलीत हात बुडवून करून बघा. बटण सोडून हं. खोटा अलार्म गेला तर खरं जहाज निघतं. चुकून दाबलंच तर लगेच बंद करून तटरक्षक दलाच्या १५५४ या नंबरवर सांगायचं.

"माझ्या घड्याळात जीपीएस आहे की!"

हे भाच्याचं वाक्य, आणि दर दोघांतला एक जण हेच म्हणतो. जीपीएस फक्त ऐकतं. आकाशवाणी धारवाडचा कार्यक्रम तुम्हाला ट्रान्झिस्टरवर स्वच्छ ऐकू येतो. म्हणून ट्रान्झिस्टरमध्ये तोंड घालून निवेदकाला "भूक लागलीय" सांगता येत नाही. घड्याळाला ठिकाण कळतं, ते दुसऱ्या कोणाला कळवायला ट्रान्समीटर लागतो. मोबाइलला ट्रान्समीटर आहे, पण टॉवर किनाऱ्यावर आहेत आणि फोन वॉटरप्रूफ असला तरी तो घेऊन कोणी ३० मीटर खाली जात नाही.

"मग उपग्रहावरून मेसेज करणारंच घेऊ की"

नको. परदेशातल्या डोंगर भटक्यांमध्ये ही यंत्रं फार प्रिय आहेत, दोन्ही बाजूंनी मजकूर जातो, उपयोगीही आहेत. पण आपल्या देशात परवानगीशिवाय उपग्रह फोन किंवा असा संदेशवाहक जवळ बाळगणं दूरसंचाराच्या कायद्यांत अडकतं. गोव्याच्या विमानतळांवर अशी यंत्रं सापडल्यामुळं परदेशी पर्यटकांवर कारवाई झालेली आहे. चोर्ल्याच्या चेकपोस्टवर बॅग उघडून पोलिसाला "हे जीव वाचवायचं यंत्र आहे" हे समजावत बसण्यापेक्षा ते न घेतलेलं बरं. बाकीचे बीकनही शेवटी रेडिओ ट्रान्समीटरच. भारतात वापरायला मान्यता आहे ना, हे विकणाऱ्याकडून बिलाबरोबर लेखी मागा. देत नसेल तर दुकान बदला.

कुकरची रिंग

माहितीपत्रकात "वॉटरप्रूफ" वाचून पोरं खूश होतात. वॉटरप्रूफ किती खोलीपर्यंत ते बघा. साधे पीएलबी बोटीवरच्या माणसासाठी केलेले असतात, पाच-दहा-पंधरा मीटरच्या पुढं त्यांची हमी नसते. समुद्रात दर दहा मीटरला वरच्या सगळ्या हवेच्या दाबाएवढा दाब वाढतो. ३० मीटरवर तो वरच्याच्या चौपट. म्हणून डायव्हर पीएलबी एका दाब सोसणाऱ्या घट्ट डब्यात घालून नेतात. नॉटिलससारखा डायव्हरसाठीचा बीकन टोपण लावलेलं असेल तर १३० मीटरपर्यंत टिकतो, त्याला वेगळा डबा लागत नाही.

अशा डब्याचा सगळा जीव एका रबरी रिंगेत असतो. कुकरची रिंग आठवा: शिताचं एक वाळकं कण कडेला राहिलं की फुस्स. इथं वाळूचा कण किंवा डोक्याचा एक केस पुरतो. माझ्या एका विद्यार्थ्यानं डबा घाईत बंद केला, वर येऊन उघडला तर आत चमचाभर खारं पाणी आणि पंचवीस-तीस हजारांचं यंत्र गार. प्रत्येक डाइव्हआधी रिंग काढायची, बोटानं फिरवून चाचपायची, पुसायची, सिलिकॉनचं ग्रीस नावाला लावायचं. आणि पहिल्या वेळी डब्यात यंत्राऐवजी टिश्यू पेपर घालून खाली नेऊन आणायचा.

मग आपल्या किनाऱ्यावर काय घ्यायचं?

मालवणला किंवा नेत्राणीला आयुष्यात पहिल्यांदा उतरणार असाल, इन्स्ट्रक्टर तुमची टाकी धरून खाली नेणार असेल, तर काहीच घेऊ नका. बोटीवर चढताना-उतरताना माणसं मोजतात का, एवढं बघा. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरिअर रीफवर एक अमेरिकन जोडपं मागं राहिलं आणि बोट परत गेली, ते मोजणी चुकल्यामुळंच; दोन दिवस कोणाच्या लक्षातही आलं नाही.

कोर्स केलेले असाल आणि जोडीनं स्वतंत्र फिरत असाल, तर पहिला खर्च एसएमबी, शिट्टी आणि छोटा आरसा यांवर. हे बीकनपेक्षा आधी लागतं आणि दहापट जास्त वेळा लागतं. बोटवाल्याला दोन गोष्टी विचारा: व्हीएचएफ आहे का, आणि डॅट आहे का. डॅट म्हणजे इस्रोनं मासेमार बोटींसाठी बनवलेलं संकट-संदेश यंत्र. २०१० पासून ते वापरात आहे, आणि २०२४ मध्ये आलेल्या नव्या आवृत्तीत "संदेश पोहोचला" अशी पोचही परत येते. ते बोटीचं यंत्र आहे, अंगावर न्यायचं नाही, पण तुम्ही हरवलात तर बोटीवरून मदत त्यानंच मागता येते.

भाच्याला मी सरळ सांगितलं: मालदीवला चार-पाच दिवस बोटीवर राहून, जोरदार प्रवाहात डाइव्ह करणार आहेस. त्या बोटीवाल्याला आधी ईमेल कर. एआयएस आणि डीएससी असेल तर पहिली डबी घे. ऐकायला काहीच नाही म्हणाला तर पीएलबी घे. दोन्ही परवडत असतील तर दोन्ही, मी अडवणार नाही.

केए २२ आणि अक्काचा फोन

पीएलबी घेतला आणि तसाच कपाटात ठेवला तर अर्धं काम बाकी आहे. प्रत्येक बीकनमध्ये १५ अक्षर-अंकांचा क्रमांक आणि देशाचा संकेतांक भरलेला असतो, भारताचा ४१९. केए २२ दिसलं की गाडी बेळगावची हे कळतं, तसं. पण गाडी कोणाची हे कळायला आरटीओत नोंद लागते. बीकनची नोंद बेंगळूरूच्या त्या इस्रो केंद्राकडं करायची असते. परदेशातून कोणी स्वस्तात आणून दिलेला बीकन त्या देशाचा नंबर घेऊन येतो. एमएच ०९ ची गाडी नाव न बदलता इथं फिरवण्यासारखं आहे ते. संकटाच्या वेळी तुमचं नाव शोधायला त्या देशाच्या दप्तरात जावं लागतं.

नोंदणीच्या अर्जात संकटकाळी कोणाला फोन करायचा ते लिहायचं असतं. ही जागा लोक सहज भरतात. पण संदेश आला की केंद्र पहिल्यांदा तिथं फोन लावून विचारतं: हा माणूस खरंच समुद्रावर आहे का, कोणत्या बोटीवर, बरोबर किती जण? उत्तर मिळालं तर खोटा अलार्म नाही हे लगेच पक्कं होतं.

भाच्यानं तिथं आईचा नंबर लिहिला होता. मी विचारलं, "अक्का अनोळखी नंबर उचलते काय रे?"

तो हसायला लागला. "०८० दिसलं की कर्जवाल्यांचा म्हणून कट करते."

माझा नंबर लिहून घेतला त्यानं. आणि अक्काला मात्र मालदीव म्हणजे बोटीत बसून मासे बघणं, एवढंच सांगितलं आहे.